तळ्यात की मळ्यात: शंकेखोर मॉर्मन बाईचं विनोदी पुस्तक कसं वाचावं

सगळ्यात आधी शेवटचं पान उघडा. रहस्यकथेत खुनी कोण ते आधी बघणाऱ्याला आपण नावं ठेवतो, मान्य, पण हा मामला वेगळा आहे. पुस्तक लिहिणारी बाई मॉर्मन, म्हणजे अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती पंथातली, आणि त्याच पंथावर शंका घेत जोक मारणारी; ती शेवटी त्या चर्चमध्ये राहिली की बाहेर पडली हे कळल्याशिवाय पहिल्या पानावरच्या जोकला हसायचं की नाक मुरडायचं ते ठरवणार कसं? लहानपणी तळ्यात-मळ्यात खेळला असालच, राज्य असलेला ओरडला की बघायचं पाय कुठल्या बाजूला आहे, आणि जो रेषेवर घुटमळला तो आउट. आता ही बाई अख्खं पुस्तकभर रेषेवर उभी राहून जोक मारतेय. तिला आउट करणं हे वाचक म्हणून तुमचं काम. मधली पानं ऑप्शनल.

पुस्तकाचं नाव सांगत नाही, कारण तुम्ही ते वाचलेलं नसणार आणि खालच्या सूचना पाळायला वाचायची गरज पडत नाही हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. आम्ही राहतो अमेरिकेतल्या युटा राज्यात, लीहाय नावाच्या गावात, सॉल्ट लेक सिटीपासून अर्ध्या तासावर, गावाचं नावसुद्धा मॉर्मन ग्रंथातल्या (म्हणजे या पंथाच्या धर्मग्रंथातल्या) एका संदेष्ट्याचं. नवऱ्याची सॉफ्टवेअरची नोकरी, म्हणून इथे. गल्लीतल्या बायकांचा बुक क्लब आहे, आठजणी, त्यातल्या पाच चर्चला जाणाऱ्या, दोघी सोडलेल्या आणि एक मी, म्हणजे बारशाला आलेली लांबची पाहुणी, जिला कोणीही काहीही समजावून सांगावं. मागच्या महिन्यात क्लबात हे पुस्तक घेतलं आणि मला जे शिक्षण मिळालं ते फुकट वाटतेय.

तुम्ही चर्चला जाणाऱ्या असाल तर कव्हरवरच थांबा. कव्हरवर 'मॉर्मन' असा शब्द आहे ना? झालं तर मग. २०१८ साली चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी सांगून टाकलं की हे टोपणनाव बंद, येशू ख्रिस्ताचं नाव असलेलं पूर्ण लांबलचक नाव घ्या, ते गाळणं म्हणजे सैतानाचा मोठा विजय. चर्चचा जगप्रसिद्ध गायकवृंद, मॉर्मन टॅबरनॅकल क्वायर, त्याचं नावही त्याच वर्षी बदललं. आता २०११ मध्ये याच चर्चने न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये 'मी मॉर्मन आहे' अशी भलीमोठी जाहिरात लावली होती, तेव्हा विजय कोणाचा झाला असं कोणी विचारलं तर ऐकू न आल्यासारखं करा आणि कुकीजची प्लेट पुढे सरकवा. कुकीजची प्लेट हे इथलं ब्रह्मास्त्र आहे, तिच्यापुढे भलेभले वाद विरघळतात.

पुढे एका चॅप्टरमध्ये ती लिहिते की चर्चचा संस्थापक जोसेफ स्मिथ टोपीत एक दगड टाकायचा, टोपीत तोंड खुपसायचा आणि आत दिसतील ते शब्द सांगत जायचा, असा मॉर्मन ग्रंथ उतरला, पण रविवारच्या शाळेतल्या चित्रात मात्र तो मूळ ग्रंथ कोरलेल्या सोन्याच्या पत्र्यांवर बोट ठेवून शहाण्या मुलासारखा वाचतोय. इथे तुम्ही ताबडतोब म्हणायचं, 'ही विरोधकांनी उठवलेली अफवा आहे.' क्लबातली एकजण म्हणालीच. तर दुसरीने फोनवर चर्चनेच २०१५ साली प्रसिद्ध केलेला त्या दगडाचा फोटो काढून दाखवला, चॉकलेटी रंगाचा, अंड्याच्या आकाराचा, बाजूला कातड्याची थैली. अशा वेळी अजिबात गडबडायचं नाही. लगेच म्हणा, 'हे तर आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं, यात नवीन ते काय?' अफवा ते शिळी बातमी हा प्रवास तिने चार सेकंदात केला, मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

शंका हा शब्द आला रे आला की चर्चचे एक वरिष्ठ नेते डिटर उख्तडोर्फ यांचं २०१३ चं वाक्य फेकायचं, श्रद्धेवर शंका घेण्याआधी आपल्या शंकांवर शंका घ्या. वाक्य खरंच झकास आहे. त्याच भाषणात त्यांनी हेही सांगितलंय की नेत्यांकडून कधीकधी सरळ चुका झाल्यात, आणि सोडून जाणारे लोक आळशी किंवा पापी असतात म्हणून जातात असं समजू नका, मामला इतका सोपा नसतो. पण हे भाग लांब आहेत हो, फ्रिजच्या मॅग्नेटवर मावत नाहीत, सोडून द्या.

आता टिंगल कशाला म्हणायचं ते नीट समजून घ्या, इथे बरेचजण चुकतात. दर महिन्याचा पहिला रविवार उपासाचा, दोन वेळचं जेवण सोडायचं, आणि त्या दिवशीच्या सभेत ज्याला वाटेल त्याने उठून माइकवर साक्ष द्यायची. साक्षीत 'मला वाटतं' चालत नाही, 'मला माहीत आहे' असंच म्हणायचं. शेजारीण एकदा मला घेऊन गेली होती. चार वर्षांचं एक पोरगं स्टुलावर चढलेलं, टाय गुडघ्यापर्यंत, आई कानात कुजबुजतेय आणि ते एकेक शब्द माइकमध्ये ओरडतंय, 'मला माहीत आहे हे चर्च खरं आहे', आणि आईने पुढचं सांगायच्या आत, त्याच सुरात, 'मला माहीत आहे मला भूक लागलीय'. अख्खा हॉल हसला, बिशपसुद्धा हसले. आता लेखिकेनेही लहानपणीचा जवळजवळ असाच प्रसंग लिहिलाय, तर माझ्याच त्या शेजारणीने तिथे पुस्तक मिटलं आणि म्हणाली की पवित्र गोष्टींची चेष्टा मला सहन होत नाही. ध्यानात आलं? हॉलमध्ये हसलं तर प्रेम, छापून हसलं तर चेष्टा. (बिशप म्हणजे झगेवाले कोणी नव्हेत बरं का, पगार नाही, आपापली नोकरी सांभाळून करायचं काम. आमच्या भागातल्या मंडळीचे, म्हणजे वॉर्डाचे, बिशप डेंटिस्ट आहेत. आठवडाभर लोकांचे दात काढतात आणि रविवारी कोण दात काढतंय ते बघतात.)

मेलेल्या माणसाला मात्र फुल सूट आहे. जे. गोल्डन किंबल म्हणून एक मोठे चर्चनेते होऊन गेले, १९३८ साली वारले, तरुणपणी खेचरं हाकलेली, त्यामुळे व्यासपीठावरूनसुद्धा तोंडातून शिवी सुटायची. त्यांच्या नावावर सांगतात की मला हे लोक चर्चमधून काढू शकत नाहीत, मी फारच झपाट्याने पश्चात्ताप करतो, आणि त्या 'फारच'च्या जागी मूळ इंग्रजीत एक शिवी आहे. युटातले आजोबा लोक हे किस्से नातवंडांना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत सांगतात. म्हणजे शिव्या, विनोद, सगळं चालतं, फक्त माणूस पुरुष हवा आणि पुरलेला हवा.

बाई आणि वर जिवंत, म्हणजे काय होतं ते १९४५ पासून माहीत आहे. फॉन ब्रोडी, स्वतः मॉर्मन घरातली, सख्खे काका चर्चच्या बारा प्रेषितांपैकी, म्हणजे सर्वोच्च नेत्यांपैकी एक, हिने जोसेफ स्मिथचं चरित्र लिहिलं, तर पुढच्याच वर्षी ह्यू निबली नावाच्या विद्वानांनी पुस्तिका काढली, नावच 'नो, मॅम, दॅट्स नॉट हिस्टरी'. आणि त्याच वर्षी ब्रोडीबाईंना चर्चमधून काढून टाकलं. निबलींनी निदान पुस्तक वाचून उत्तर लिहिलं होतं, तुम्ही एवढी मेहनत घेऊ नका, नुसतं 'नो, मॅम' पुरतं.

चर्चच्या ऑफिसकडून मात्र काही शिकायला जाऊ नका. २०११ ला ब्रॉडवेवर यांच्या ग्रंथाचंच नाव लावून एक वात्रट संगीत नाटक आलं, नाटकांसाठीचे नऊ टोनी अवॉर्ड मिळाले. चर्चने मोर्चा नाही काढला, खुर्च्या नाही तोडल्या, दोन ओळींचं सभ्य निवेदन दिलं आणि पुढे नाटकाच्या माहितीपुस्तिकेतच पैसे भरून आपल्या जाहिराती छापल्या, मथितार्थ असा की नाटक बघितलंत, आता पुस्तक वाचा. इतकं शांत डोकं सामान्य वाचकाला परवडत नाही. आपण भावना दुखावून घ्याव्यात.

आता तुम्ही चर्च सोडलेल्या असाल तर. तर तुम्हाला पुस्तक आवडता कामा नये, कारण बाई पुरेशी चिडलेली नाही. हिरव्या जेलोवर (म्हणजे जेली, किसलेलं गाजर घातलेली, हो, गाजर, आणि जेलो हा युटाचा आवडता स्नॅक आहे असा २००१ मध्ये चक्क विधिमंडळात ठराव झालाय) तिने सहा पानं खर्च केलीत, आणि १८५७ साली माउंटन मेडोजला मॉर्मन लोकांनी वाटसरूंचा अख्खा तांडा मारला, सुमारे १२० माणसं, त्यावर एक ओळ? जोसेफ स्मिथच्या ३० ते ४० बायका असाव्यात हे २०१४ मध्ये चर्चच्या स्वतःच्या निबंधात आलं, त्यावर नुसता एक जोक? काळ्या पुरुषांना १९७८ पर्यंत पौरोहित्य नव्हतं, त्यावर अर्धं पान? हे सगळं खरं आहे आणि साधं नाही, म्हणूनच ते मोजपट्टीसारखं वापरायचं, दर पानामागे संताप किती इंच.

आमच्या क्लबातल्या एकीने हे उत्तम केलं. तिची धाकटी बहीण मंदिरात लग्न लावून घेत होती आणि मंदिरात आत जायला शिफारसपत्र लागतं, ते नसेल तर सख्खी बहीण असली तरी बाहेर. ही हिरवा साटिनचा ड्रेस घालून, हिल्स काढून पायाशी ठेवून, बाहेरच्या बाकावर बहिणीचा कोट मांडीवर घेऊन बसली होती. लेखिकेने नेमका असल्या बाकावर एक चॅप्टर लिहिलाय, आत न जाता येणाऱ्या नातेवाइकांचं कसं एक वेगळंच लग्न बाहेर लागतं, एक काका सँडविच वाटतो वगैरे, मला तर हसून हसून ठसका लागला. ही म्हणाली, या विषयावर विनोद सुचतोच कसा, ही बाई अजून त्यांचीच आहे. मुद्देसूद बोलली, आवाज जरासा कापला. नंतर पार्किंगमध्ये मला म्हणाली की तो चॅप्टर मी फोटो काढून बहिणीला पाठवला, तिचा हसण्याचा इमोजी आला, सहा महिन्यांत पहिल्यांदा. हे क्लबात सांगू नकोस म्हणाली. तुम्हीही सांगू नका.

राहता राहिलो आपण. तळ्यातले नाही, मळ्यातले नाही, काठावर भेळ खात बसलेले. आपल्यासाठी नियम सोपे आहेत. पुस्तक बंद करून दोनच प्रश्न विचारायचे, बायका किती असतात आणि पवित्र म्हणून घालतात ते आतले कपडे कसले असतात. अनेक बायका करायची पद्धत चर्चने १८९० मध्ये जाहीरपणे सोडली हे कोणी सांगितलं तर 'हो पण तरी' म्हणायचं. मार्क ट्वेनने त्यांच्या ग्रंथाला छापील क्लोरोफॉर्म म्हटलंय हे सांगायचं, ग्रंथही वाचायचा नाही आणि ट्वेनही नाही. मग खाण्यापिण्यावर यायचं. चहा-कॉफी नाही पण गरम चॉकलेट चालतं, बर्फ घातलेली कॉफी मात्र नाही, कोक चालतो, त्यात नारळाचं सिरप घालून बादलीएवढा ग्लास चालतो, आणि तरी २०१७ पर्यंत यांच्या युनिव्हर्सिटीच्या कँटीनमध्ये कॅफीनवाला कोक विकत नव्हते. काय लॉजिक आहे का याला? असं मी आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं तेव्हा सगळ्यांनी हसून घेतलं, मग एकीने विचारलं की आषाढीला खिचडीत कोथिंबीर चालते का, त्यावर ४७ मेसेज आले. बटाटा चालतो, रताळं चालतं, मिरची चालते, हळद नाही, जिरं आमच्याकडे चालतं तुमच्याकडे नाही. अर्थात आपल्या उपासाला शास्त्र आहे. त्यांचं ते खूळ.

आणि लेखिकेच्या नातेवाईक असाल तर, देव करो आणि नसाल, पण असाल तर फक्त तपशिलावर भांडा. आईने काय म्हणावं? 'मी असं म्हणालेच नव्हते, आणि तेव्हा आमचे पडदे पिवळे नव्हतेच.' मुलीची श्रद्धा डळमळली याबद्दल पुढे आयुष्यभर बोलता येईल, पडद्यांचं आत्ताच मिटवायला हवं.

एक सावधगिरीची सूचना. कोपऱ्यावरच्या घरात एक आजी राहतात, ऐंशी पार, जन्मापासून चर्चमध्ये, क्लबात येतात पण बोलत नाहीत, विणत बसतात. अशांच्या नादी लागू नका. त्यांनी माझी कॉपी मागून नेली आणि दोन आठवड्यांनी परत आणली, सोबत फॉइल लावलेल्या डिशमध्ये 'फ्यूनरल पोटॅटोज', म्हणजे शब्दशः मयताचे बटाटे, किसलेला बटाटा, चीज, सावर क्रीम, डब्यातलं चिकन सूप आणि वर चुरलेले कॉर्नफ्लेक्स. इथे मयताच्या जेवणाला हे लागतातच, आणि बाकी वेळी कोणी न मरताही करतात. मी विचारलं, कसं वाटलं पुस्तक? म्हणाल्या, 'बटाट्यांची रेसिपी चुकलीय तिची.' मी म्हटलं, ते असू दे, पण शेवटी ती राहिली की गेली, तुमचं काय मत? आजींनी जरा विचार केला. 'शेवट काय होता गं? माझ्या लक्षात नाही राहिला.'

नंतर चाळलं तर पेन्सिलच्या खुणा. रेसिपीच्या पानावर, 'कॉर्नफ्लेक्स आधी लोण्यात.' त्या स्टुलावरच्या पोराच्या पानावर काही लिहिलेलं नाही, नुसती दोन उद्गारचिन्हं. आणि जिथे लेखिकेचा भाऊ टाय-बिल्ला लावून दोन वर्षं मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला जातो, घरी फोन फक्त नाताळला आणि मदर्स डेला (२०१९ पर्यंत हाच नियम होता, आता दर आठवड्याला करता येतो), आणि आख्खं घर एका रिसीव्हरला कान लावून भांडतं, त्या पानाच्या कडेला बारीक अक्षरात, 'नाताळ १९८९. ब्राझील. आठ मिनिटं. कुत्र्याशीच जास्त बोलला.' पानाला लोण्याचा डाग.

डिश अजून माझ्याकडेच आहे. रिकामी कशी द्यायची, म्हणून उद्या साबुदाण्याची खिचडी करून देणार आहे. आत या, चहा टाकते असं सवयीने तोंडातून जाऊ नये एवढं फक्त लक्षात ठेवायचंय.