‘फार तर दोन-तीन कोटी’ म्हणजे अख्खा विदर्भ

परवा संध्याकाळी नागपूरच्या महाल भागात आत्याकडे गेले. तिने पाण्याचा पेला पुढे केला, तर पाणी पिवळट. विचारलं तर म्हणाली, "औषध टाकलं बाई त्यात. आयोडीन. किरणं आली तरी बाधत नाहीत म्हणे. तू कॉलेजात सायन्स शिकवून राहिली अन् तुला माहीत नाही?" जखमेवर लावायचं तपकिरी औषध ती चार दिवस पिण्याच्या माठात थेंब थेंब टाकत होती. शिवाय जेवणात रोज एक चमचा मीठ जास्त. आत्या चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. बीपीची गोळी चालू, थायरॉईडची गोळी चालू.

हे तिला आमच्याच घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपने शिकवलं. ‘नागपूरकरांनो, निश्चिंत राहा’ असा मेसेज आहे. पहिल्यांदा आला मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत. तेव्हापासून कुठे दहशतवादी हल्ला झाला की थोडी भर पडून पुन्हा फिरतो. त्यातले दावे असे: पाकिस्तानची अणुधमकी पोकळ आहे, म्हणून पुढच्या हल्ल्यानंतर भारताने थांबू नये. किराना टेकड्यांतला त्यांचा अणुसाठा आपण आधीच गाडला आहे. तरीही अणुयुद्ध झालंच तर "आपले फार तर दोन-तीन कोटी जातील, आपण १४५ कोटी आहोत, ते मात्र नकाशावरून पुसले जातील." नागपूर देशाच्या मधोमध, तिथवर काही पोचत नाही. आणि किरणोत्सर्गाची भीती वाटलीच तर मीठ आणि आयोडीन.

आधी मीठ-आयोडीनचं सांगते, कारण ते माझ्या घरात माठापर्यंत पोचलं.

आयोडीनचा किरणोत्सर्गाशी संबंध आहे, एवढं खरं. अणुभट्टीच्या अपघातात किंवा स्फोटात किरणोत्सारी आयोडीन बाहेर पडतं आणि गळ्यातली थायरॉईड ग्रंथी ते ओढून घेते. ग्रंथी आधीच साध्या आयोडीनने भरलेली असली तर ते कमी ओढलं जातं. त्यासाठी पोटॅशियम आयोडाइडची गोळी असते. मोठ्या माणसाचा डोस १३० मिलिग्रॅम, त्यात आयोडीन साधारण १०० मिलिग्रॅम. आपल्या घरातल्या मिठात आयोडीन किती असतं? कायद्याने किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम. म्हणजे त्या एका गोळीइतकं आयोडीन मिळवायला साडेसहा किलो मीठ खावं लागेल. बीपी असलेल्या बाईला रोजचा एक जादा चमचाच पुरेसा घातक आहे. दिवसभराचं सगळं मीठ मिळून पाच ग्रॅमच्या आत असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि तो चमचा एकटाच तेवढा भरतो.

शिवाय ती गोळी वाचवते फक्त थायरॉईडला. सीझियम, स्ट्रॉन्शियम अशा दुसऱ्या किरणोत्सारी पदार्थांपुढे तिचा काही उपयोग नाही. चाळिशीनंतर तिचा फायदाही फार कमी होतो, म्हणून ती मुलांना आणि गरोदर बायांना आधी देतात, तीही सरकारी यंत्रणेने सांगितल्यावर. जखमेचं औषध तर पोटात घ्यायचंच नसतं. आधीच थायरॉईडचा आजार असलेल्या माणसाच्या पोटात असं आयोडीन गेलं की आजार आणखी बिघडू शकतो. आत्याचा माठ मी मोरीत ओतला, घासला. दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरकडे नेलं. बीपी वाढलेलं होतं.

आता ते वाक्य, ज्यामुळे मी हे लिहायला बसले. "फार तर दोन-तीन कोटी."

२०११ च्या जनगणनेत विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांची लोकसंख्या २ कोटी ३० लाख होती. बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंत सगळी माणसं. हा मेसेज पुढे ढकलणाऱ्याने एकदा तेवढं डोळ्यांपुढे आणावं. ज्या ग्रुपवर तो आला त्या ग्रुपमधलं प्रत्येक माणूस त्या आकड्यात बसतं. आत्याचा नातू फौजेत आहे, कामठीच्या गार्ड्स रेजिमेंटच्या केंद्रात घडला, आज सीमेवर आहे. मी मेसेज वाचून दाखवत होते तेव्हा तिने मध्येच विचारलं, "त्या दोन-तीन कोटींत आपला पोट्टा धरला का त्यांनी?" मला उत्तर देता आलं नाही.

आणि मुळात तो आकडा आला कुठून? मेसेजमध्ये आधार नाही. अभ्यास झालेला आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या कोलोरॅडो आणि रटगर्स विद्यापीठांतल्या ओवेन टून, ॲलन रोबॉक आणि सहकाऱ्यांनी भारत-पाकिस्तान अणुयुद्धाचा हिशोब मांडला. त्यांनी कल्पिलेला प्रसंग २०२५ सालचाच आहे आणि सुरुवात होते संसदेवरच्या दहशतवादी हल्ल्याने. पाकिस्तानची १५० अण्वस्त्रं, भारताची १००, मारा शहरांवर. बॉम्ब किती मोठे त्यानुसार दोन्ही देशांत मिळून ५ कोटी ते साडेबारा कोटी माणसं मरतील, असं त्यांचं गणित सांगतं. हिरोशिमावर पडलेला एक बॉम्ब १५ किलोटनांचा, म्हणजे १५ हजार टन टीएनटी स्फोटकाच्या ताकदीचा होता आणि १९४५ संपेपर्यंत तिथे सुमारे १ लाख ४० हजार लोक गेले होते. या अभ्यासातले सगळ्यात लहान बॉम्ब तेवढे आहेत.

हे झाले पहिल्या काही दिवसांतले मृत्यू. जळणाऱ्या शहरांची काजळी वर चढते, पाऊस तिला धुऊन काढू शकत नाही इतक्या उंचीवर जाऊन बसते आणि जगभर पसरते. १ कोटी ६० लाख ते ३ कोटी ६० लाख टन काजळी. जमिनीवर येणारं ऊन २० ते ३५ टक्क्यांनी घटतं, तापमान २ ते ५ अंशांनी उतरतं, पाऊस १५ ते ३० टक्के कमी होतो, आणि सगळं सावरायला दहा वर्षांहून जास्त लागतात. किती काजळी खरोखर तेवढी वर जाईल याबद्दल शास्त्रज्ञांमध्ये मतभेद आहेत, हे मान्य. पण यातलं निम्मं धरा. पावसाने एक वर्ष ओढ दिली की कोरडवाहू कापूस-सोयाबीनवाल्याचं काय होतं, हे विदर्भात कुणाला शिकवावं लागत नाही. इथे लागोपाठच्या वर्षांचा प्रश्न आहे. "ते पुसले जातील, आपण उरू" या वाक्यातलं ‘आपण’ तेव्हा खाणार काय?

पहिल्या दाव्यात मात्र थोडं तथ्य आहे, ते नाकारून चालणार नाही. उरीनंतर २०१६ मध्ये, पुलवामानंतर २०१९ मध्ये आणि पहलगामनंतर २०२५ मध्ये भारताने सीमेपलीकडे कारवाई केली, आणि अणुयुद्ध पेटलं नाही. दहशतवादी पाठवायचे आणि वर अणुबॉम्बची ढाल धरायची, ही पाकिस्तानची खेळी पूर्वीइतकी चालत नाही. पुलवामात आपल्या बुलढाण्याचे दोन जवान गेले, पहलगामजवळच्या बैसरनला मारलेल्या २६ जणांत सहा महाराष्ट्राचे होते. राग मलाही आहे आणि उत्तर द्यायला हवं होतं, असंच मला वाटतं.

पण हे टिकलं कशामुळे, ते मेसेज गिळून टाकतो. ७ मे २०२५ च्या पहाटे भारत सरकारने स्वतःच जाहीर केलं की कारवाई नेमकी, मोजूनमापून आणि संघर्ष न वाढवणारी आहे, आणि पाकिस्तानच्या लष्करी ठिकाणांना हात लावलेला नाही. नंतरच्या तीन दिवसांत ती रेघ सरकतच गेली. ड्रोन, क्षेपणास्त्रं, मग हवाई तळ. पूंछमध्ये तोफगोळ्यांनी घरातली माणसं मारली. १० मे रोजी दोन्हीकडच्या लष्करी मोहीम महासंचालकांचं फोनवर बोलणं झालं आणि संध्याकाळी पाचपासून मारा थांबला. म्हणजे जे निभावलं ते मोजून मारल्यामुळे आणि वेळेत थांबल्यामुळे, आणि मेसेज त्याच्याच जोरावर सांगतो की थांबू नका.

चुकूनही काही होऊ शकतं, याचा तर त्यात विचारच नाही. ९ मार्च २०२२ रोजी आपलंच एक ब्रह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियां चन्नूजवळ पडलं. त्यावर स्फोटकं नव्हती आणि दिवस शांततेचे होते, म्हणून ते खेद व्यक्त करून आणि पुढे तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ करून मिटलं. हेच ९ मे २०२५ च्या रात्री झालं असतं तर समोरच्याने ते चुकून आलं असं मानलं असतं का? भारताचं धोरण आहे की अण्वस्त्र आधी वापरायचं नाही. पाकिस्तानने तसं धोरण स्वीकारलेलं नाही. स्टॉकहोमच्या ‘सिप्री’ संस्थेच्या २०२५ च्या अंदाजानुसार आपल्याकडे १८० आणि त्यांच्याकडे १७० अण्वस्त्रं आहेत. याला पोकळ म्हणायचं असेल तर पुरावा दाखवा.

किराना टेकड्यांचं दोन ओळींत. एअर मार्शल ए. के. भारती यांनी १२ मे २०२५ च्या पत्रकार परिषदेत स्पष्ट सांगितलं की किरानावर आम्ही मारा केलेला नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनेही पाकिस्तानातल्या कुठल्या अणुकेंद्रातून गळती झाली नसल्याचं सांगितलं.

आणि नागपूर. देशाचा मध्य मानला जाणारा झिरो माईलचा दगड आपल्याकडे आहे, पण त्याने अंतर वाढत नाही. लाहोरहून नागपूर सरळ रेषेत साधारण साडेबाराशे किलोमीटर. पाकिस्तानच्या शाहीन-३ क्षेपणास्त्राचा पल्ला २,७५० किलोमीटर सांगतात. वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय नागपुरात, आयुध निर्माणी अंबाझरीला, दारूगोळ्याचं मोठं भांडार पुलगावला. असल्या गावाकडे लक्ष जाणार नाही, असं कुणी समजू नये. आणि बॉम्ब दिल्ली-जयपूरकडे पडला तरी वारा काही अडत नाही. मे महिन्यात नागपूर पंचेचाळीसच्या वर गेलं की हवामान खातं कारण सांगतं, राजस्थानकडून येणारे कोरडे वारे. तेच वारे आहेत हे.

मेसेज टाकणारा माझा चुलतभाऊ आहे. फोन केला तर म्हणाला, "ताई, मी फक्त फॉरवर्ड केला, मनावर घेऊ नको." आत्याचं बीपी शुक्रवारी पुन्हा बघायचं आहे. मेसेज आज सकाळपर्यंत ग्रुपवर होता आणि खाली सतरा जणांनी हात जोडले होते. त्याला एवढंच सांगते: आधी तो काढ. आणि आत्याला फोन करून तूच सांग की पाण्यात काही टाकायचं नाही, कारण माझ्यापेक्षा तिचा तुझ्यावर जास्त विश्वास आहे.