काँगच्या कालव्यावर अन्याय झाला

आयर्लंडच्या मेयो परगण्यातल्या काँग गावावरचा लेख वाचला. मठाचा भाग छानच. पण कोरड्या कालव्याला 'इंजिनिअरांनी करून ठेवलेला विनोद' म्हणून एका वाक्यात उडवलंय, ते काही पटलं नाही. (गावातल्या, 'द क्वाएट मन' सिनेमातल्या जोडीच्या पुतळ्याला मात्र दोन परिच्छेद!) पाणी सोडलं आणि सगळंच्या सगळं चुनखडीत मुरलं, ही गोष्ट तिथे रंगवून सांगतात खरी. पण मास्क आणि कॉरिब ही दोन सरोवरं जोडायचं हे काम १८४८ साली, ऐन दुष्काळात सुरू झालं. बटाट्याचं पीक कुजलेलं, घरात खायला काही नाही, अशी माणसं पोटासाठी तिथे खडक फोडत होती. १८५४ मध्ये काम थांबलं त्याला सच्छिद्र खडक कारण होताच, पण वाढत चाललेला खर्च आणि रेल्वेचं आगमन हीदेखील कारणं होतीच की.

आम्ही उन्हाळ्यात गेलो तेव्हा सरळ पात्रात उतरून चाललो. तळाला गुडघाभर गवत आणि दोन्ही बाजूंना घडीव चिऱ्यांच्या भिंती, इतक्या नेटक्या की सांध्यात नखही शिरेना. हिवाळ्यात त्यातून पाणी वाहतं, त्यामुळे 'अगदीच निरुपयोगी' म्हणणंही बरोबर नाही. लेखात निदान दुष्काळाचा उल्लेख तरी जोडा.