शेपटी बघून फेज ओळखता येत नाही

आमच्या बागायतदारांच्या ग्रुपवर एक मेसेज पावसाळ्यापासून चार-पाच वेळा तरी फिरून आला. मजकूर थोडक्यात असा: फेज म्हणजे जिवाणू खाणारे विषाणू. खाडीचं किंवा रोगट झाडाखालचं पाणी फडक्यातून गाळून फवारा. वांग्याची मर, आंब्याचा करपा, सगळं जातं. फोटोत डोकं आणि शेपूट दिसलं की फेज अस्सल. जीनोम, म्हणजे फेजची सगळी जनुकं अक्षर-अक्षर, वाचणं हे प्रयोगशाळेतल्या लोकांचे चोचले. खाली एक काळापांढरा फोटो, त्यावर 'सायफोव्हिरिडे कुळ'.

पहिलं वाक्य बरोबर आहे. १९१५ साली ट्वॉर्ट आणि १९१७ साली द'हेरेल यांनी फेज दाखवून दिले. १९२४ साली सडक्या कोबीच्या गाळलेल्या रसाने कोबीवरच्या काळ्या कुजीचा जिवाणू रोखला गेला होता. अमेरिकेत टोमॅटो-मिरचीवरच्या जिवाणूंसाठी फेजचं औषध २००५ साली नोंदलंही गेलं. तेव्हा कल्पना खुळी नाही. खुळचटपणा पुढे सुरू होतो.

करप्याचं एका वाक्यात उरकतो: आंब्याचा करपा आणि भुरी या बुरशी आहेत, आणि फेज बुरशीला शिवतसुद्धा नाही.

मर मात्र खरंच जिवाणूची असू शकते. आत्येभावाच्या परसवात वांगी गेली तेव्हा तो म्हणाला, "काल टवटवीत होतं रे, आज बघ, मान टाकलान." पानं हिरवीच, तरी लोंबलेली. जमिनीलगतचं खोड विळीवर कापून काचेच्या पेल्यात, स्वच्छ पाण्यात नुसतं टेकवून धरलं. दोन-तीन मिनिटांत कापावरून दुधासारखा बारीक दोरा खाली उतरायला लागला. तो दोरा म्हणजे मर आणणारा राल्स्टोनिया नावाचा जिवाणू, लाखोंनी. बुरशीच्या मरीत असा दोरा सुटत नाही.

आता हेच पाणी 'फडक्यातून गाळून' फवारायचं म्हणे! फडक्याने पाचोळा अडतो, जिवाणू नाही. त्याला प्रयोगशाळेतली मायक्रॉनच्याही अंशाएवढ्या छिद्रांची गाळणी लागते. रोगट झाडाखालचं पाणी बागभर मारणं म्हणजे मर हाताने पेरणं. खाडीचं पाणी खारट असतं, हे कोकणात कुणाला सांगायला लागावं याचंच नवल.

राहिला फोटो. मायोव्हिरिडे, सायफोव्हिरिडे, पोडोव्हिरिडे ही शेपटीच्या ठेवणीवरून पाडलेली तीन कुळं आंतरराष्ट्रीय विषाणू वर्गीकरण समितीने २०२२ साली रद्द केली. कारण शेपटी फसवते. पी-२२ या फेजची शेपटी आखूड, लॅम्डाची लांब. जुन्या हिशेबाने दोघे वेगळ्या कुळांतले. जीनोम वाचला तर दोघांचं नातं उघड दिसतं. पेटीवर 'देवगड' छापलं म्हणून आत देवगड हापूसच निघतो असं नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पेटी उघडावी लागते.

जिवाणूंची जात ओळखायला सगळ्यांत सापडणारं एक जनुक तरी असतं. विषाणूंत असं सामाईक जनुकच नाही. म्हणून अख्खा जीनोम जुळवून बघतात: ९५ टक्क्यांच्या वर सारखेपणा असेल तर एक प्रजाती, साधारण ७० टक्क्यांच्या वर असेल तर एक वंश.

याचा शेतकऱ्याला उपयोग काय? राल्स्टोनियाचेच फेज घ्या. त्यातले काही दोऱ्यासारखे असतात. ते जिवाणूला फोडत नाहीत, आत राहून पिल्लं बाहेर सोडत राहतात. फाय-आरएसएस-१ नावाचा फेज लागलेला राल्स्टोनिया टोमॅटोला जास्त लवकर लोळवतो. फाय-आरएसएम लागला तर उलट जिवाणूच मवाळ होतो. फोटोत दोघेही दोरेच! एकाची बाटली पीक वाचवायला मदत करील, दुसऱ्याची पीक घालवील, आणि कुठली कोणती हे जनुकं वाचल्याशिवाय कळणार नाही. फाय-आरएसएल-१ हा तिसरा मोठ्या अंगाचा, सुमारे २ लाख ३१ हजार अक्षरांचा जीनोम असलेला. त्याने जपानमधल्या प्रयोगांत टोमॅटोची रोपं वाचवली.

शिवाय काही फेज जिवाणूच्या जीनोममध्ये शिरून गप्प बसतात, कधी सोबत विषाचं जनुकही आणतात. कॉलऱ्याच्या जिवाणूचं विष असंच एका दोरेवजा फेजवरून आलेलं आहे, हे १९९६ साली दिसलं. म्हणून औषधासाठी फेज निवडताना असं गप्प बसायला लावणारं जनुक दिसलं की तो बाद. आणि जिवाणू एका फेजला लवकर सरावतो, म्हणून दोन-तीन मिसळून देतात. ते तिन्ही खरंच वेगवेगळे आहेत की एकच फेज तीन नावांनी बाटलीत आहे, हेही जीनोमच सांगतो. चोचले म्हणायचं तर म्हणा.

ग्रुपवर एका काकूंनी उलट भीती घातली होती, की हा विषाणू माणसाला लागेल. नाही लागत. फेजला जिवाणूच लागतो, तोही ठरावीक. भाजीपाल्यासोबत ते रोज आपल्या पोटात जातात. उन्हात मात्र ते टिकत नाहीत. मेसेजमध्ये 'सकाळी दहाला फवारा' लिहिलंय, तेवढ्यावरून लिहिणाऱ्याने फेज कधी हाताळलेला नाही हे कळतं. हाताळणारे लोक संध्याकाळी फवारतात.

आत्येभावाने मेलेली झाडं मुळासकट उपटून जाळली, त्या वाफ्याचं पाणी मिरचीकडे जात होतं तो पाट बुजवला. पुढच्या वर्षी तिथे मका घालणार आहे, आणि वांगी पलीकडच्या वाफ्यात, रानवांग्याच्या खुंटावर कलम केलेली.