राजगुरूंचे बलिदान २३ मार्चचे, १४ फेब्रुवारीचे नव्हे

फेब्रुवारी उजाडला की एक संदेश दरवर्षी नव्याने फिरू लागतो. त्यात म्हटलेले असते, की भीमाशंकराच्या आणि ज्ञानोबा माउलींच्या पावन भूमीत जन्मलेल्या हुतात्मा राजगुरूंना भगतसिंग व सुखदेव यांच्यासह १४ फेब्रुवारी १९३१ रोजी पहाटे फाशी देण्यात आले. पाठ्यपुस्तकांनी ही तारीख दडवली. पाश्चात्त्य संस्कृतीला विरोध करत प्राण देणाऱ्या या वीरांच्या दिवशी आपण प्रेमदिन साजरा करतो. असेंब्लीत बॉम्ब टाकणाऱ्या या तिघांपैकी राजगुरूंचे तर कुठे स्मारकही नाही. आणि खरे मराठी असाल तर हा संदेश पुढे पाठवा. यंदा माझ्या भाचीने हाच मजकूर शाळेतल्या भाषणासाठी वहीत उतरवून घेतला, शिक्षकांनी तो तपासून त्यावर सहीसुद्धा केली, आणि तिला तो पाठ झाल्यावर माझ्या कानावर आला. त्यामुळे हे सविस्तर लिहिणे भाग आहे.

प्रथम तारीख. भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना फाशी झाली ती २३ मार्च १९३१ रोजी, लाहोरच्या मध्यवर्ती तुरुंगात, आणि तीही पहाटे नव्हे तर सायंकाळी. ठरलेला दिवस २४ मार्च होता. परंतु लोकक्षोभाच्या भीतीने सरकारने आदल्या संध्याकाळीच काम उरकले, मृतदेह गुपचूप बाहेर काढून सतलजच्या काठी नेले आणि तेथे घाईघाईने जाळले. ज्या लाहोरात हे घडले, तेथूनच निघणाऱ्या ‘द ट्रिब्यून’ने २५ मार्च १९३१ च्या अंकात पहिल्या पानावर तिघांची नावे घेऊन फाशीची बातमी ठळक मथळ्यात छापली. त्या पानाचे छायाचित्र आज कोणालाही पाहता येते. १४ फेब्रुवारीला फाशी झाली असती, तर त्याच शहरातल्या वृत्तपत्राने ती बातमी तब्बल पाच आठवडे थांबवून का धरली असती, याचा विचार संदेश पुढे ढकलणाऱ्यांनी एकदा तरी करावा.

हे दाखवून दिले की काही जण तारीख तीच ठेवून मजकूर बदलतात आणि ‘फाशी नव्हे, फाशीची शिक्षा १४ फेब्रुवारीला सुनावली’ असे सांगू लागतात. तेही चूक आहे. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनने १९३० साली अध्यादेश काढून नेमलेल्या विशेष न्यायाधिकरणाने ७ ऑक्टोबर १९३० रोजी निकाल दिला आणि तिघांना मृत्युदंड ठोठावला. एवढे मात्र मान्य करावे लागेल, की फेब्रुवारी १९३१ चा या प्रकरणाशी काहीच संबंध नाही असे म्हणता येत नाही. त्याच महिन्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे त्या काळच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, अपील फेटाळले आणि १४ फेब्रुवारीला पंडित मदनमोहन मालवीयांनी व्हाइसरॉयकडे शिक्षा कमी करण्याची विनंती केली. म्हणजे १४ फेब्रुवारी हा त्यांना वाचवण्याच्या एका प्रयत्नाचा दिवस आहे. त्या दिवशी तिघेही जिवंत होते.

सर्वांत संताप आणणारे विधान म्हणजे हे वीर पाश्चात्त्य संस्कृतीला विरोध करताना मेले, हे. सायमन कमिशनविरुद्धच्या मोर्चावर ३० ऑक्टोबर १९२८ रोजी लाहोरात लाठीहल्ला झाला, लाला लजपतराय त्यात जखमी झाले आणि १७ नोव्हेंबरला त्यांचे निधन झाले. त्याचा सूड म्हणून १७ डिसेंबरला ब्रिटिश पोलीस अधिकारी साँडर्सचा वध झाला आणि पहिली गोळी राजगुरूंची होती. त्यानंतर लाहोरातून निसटताना भगतसिंगांनी केस कापले, ओव्हरकोट चढवला, डोक्यावर फेल्ट हॅट घातली आणि क्रांतिकारक सहकारी दुर्गाभाभी व त्यांच्या लहान मुलासह साहेबी थाटात आगगाडीत पाऊल ठेवले; काशीला जाऊन संस्कृत शिकलेले राजगुरू त्यांचे नोकर बनून त्याच गाडीत बसले. या माणसांचे भांडण परदेशी पेहरावाशी किंवा कोणाच्या सणाशी नव्हते. ते देश लुटणाऱ्या सत्तेशी होते. तरुण मुलामुलींना धाकात ठेवण्यासाठी त्यांच्या मृत्यूचा वापर करणे मला त्यांचा उघड अपमान वाटतो.

असेंब्लीचा मुद्दा चटकन मिटतो. ८ एप्रिल १९२९ रोजी दिल्लीत बॉम्ब टाकले ते भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी. राजगुरूंना सप्टेंबर १९२९ मध्ये पुण्यात अटक झाली. पाठ्यपुस्तकांनी काही दडवलेले नाही. शालेय इतिहासात २३ मार्च १९३१ ही तारीख छापलेली आहे.

स्मारक नाही, हेही असत्यच आहे. राजगुरूंचे जन्मगाव खेड आज त्यांच्याच नावाने राजगुरुनगर झाले आहे. तेथे भीमेकाठी त्यांचा वाडा संरक्षित स्मारक आहे. पंजाबात हुसैनीवाला येथे तिघांचे राष्ट्रीय स्मारक असून ती जागा १९६१ साली पाकिस्तानशी भूभागाची अदलाबदल करून भारताने परत मिळवली. दिल्ली विद्यापीठात राजगुरूंच्या नावाचे महाविद्यालय आहे. तरीही या तक्रारीत थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. आपल्याकडच्या बहुतेक भाषणांत भगतसिंगांवर दहा वाक्ये असतात आणि राजगुरूंचे फक्त नाव घेतले जाते. पण ती उणीव खोट्या तारखेने भरून निघत नाही.

आता त्या ‘पावन भूमी’विषयी, कारण संदेशातला हा भाग मला मनापासून पटतो आणि म्हणूनच त्याचा आधार घेऊन खोटे सांगितलेले सहन होत नाही. राजगुरुनगराजवळून वाहणारी भीमा भीमाशंकराला उगम पावते. याच खेड तालुक्यातल्या आळंदीत शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानेश्वर महाराजांनी समाधी घेतली, आणि सात शतके उलटली तरी वारकरी नेमके त्याच तिथीला इंद्रायणीकाठी जमतात. याच तालुक्यात चाकणचा किल्ला आहे, जो १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शायिस्ताखानाच्या प्रचंड फौजेपुढे जवळपास दोन महिने झुंजवला. ज्या मातीतल्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या माणसांनी समाधीची तिथी पिढ्यान्‌पिढ्या एका दिवसानेही हलू दिली नाही, त्याच मातीतल्या हुतात्म्याची शंभर वर्षेही न झालेली, वृत्तपत्रात छापलेली तारीख शिकल्यासवरल्या लोकांनी हलवावी, याचे दुःख होते.

आणखी एक गोष्ट या संदेशाच्या गोंगाटात हरवते. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान हुतात्मा झाले. त्या दिवशी ज्यांना हुतात्म्यांसमोर नतमस्तक व्हायचे आहे, त्यांनी या जवानांचे स्मरण करावे. राजगुरूंसाठी २३ मार्चला राजगुरुनगरच्या वाड्यावर जावे, आणि ज्या शाळांच्या फळ्यांवर यंदा चुकीची तारीख लिहिली गेली, तेथील शिक्षकांनी त्या दिवशी मुलांना स्वतः बरोबर तारीख सांगावी.