दोन एंजलना भांडू दिले की जोडी होत नाही

गेला पंधरवडाभर एक मराठी संदेश गोव्यातील मत्स्यपालनाची आवड असलेल्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरत आहे. त्यानुसार समुद्री एंजल, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टाकीत पाळला जाणारा रंगीत एंजलफिश, हा लिंग बदलणारा एकमेव मासा आहे. कोणतेही दोन एंजल एका टाकीत सोडावेत आणि भांडू द्यावेत. जिंकेल तो नर, हरेल तो मादी. आठ दिवसांत रंग बदलला की जोडी जमली. उशीर झाला तर पाण्यात हार्मोनच्या गोळ्या विरघळवाव्यात. पुढे पिल्ले विकून पैसे मिळतात, असे त्यात म्हटले आहे. तो फोंड्याला राहणाऱ्या माझ्या भाच्यापर्यंत पोहोचला नसता, तर मी दुर्लक्ष केले असते. त्याने साठवलेल्या पैशांतून दोन एम्परर एंजल आणून 200 लिटरच्या टाकीत सोडले आणि ते भांडू लागल्यावर, संदेशात सांगितल्याप्रमाणे, त्यांना वेगळे केले नाही. चौथ्या दिवशी सकाळी त्यांतला एक, परांच्या चिंध्या झालेल्या अवस्थेत, फिल्टरच्या मागे मेलेला सापडला.

‘भांडू द्या’ हा सल्ला सर्वांत घातक आहे, कारण त्याच्या मुळाशी थोडे सत्य आहे आणि ते मला मान्य करावे लागते. 1978 साली जॅक मोयर आणि आकिनोबु नाकाझोनो या संशोधकांनी जपानमधील मियाके बेटाजवळच्या समुद्रातील सेंट्रोपायजी इंटरप्टस या बटू, म्हणजे लहान चणीच्या, एंजलचा अभ्यास प्रसिद्ध केला. या माशांचा एक नर आपल्या हद्दीत अनेक माद्यांसह राहतो, आणि तो नाहीसा झाला की मादीचा नर होतो, हे त्यांनी दाखवून दिले. बटू एंजलमध्ये हा मान सामान्यतः सर्वांत मोठ्या मादीला मिळतो. नर असेपर्यंत त्याचा वरचष्माच माद्यांना नर होण्यापासून रोखून धरतो. म्हणजे लिंग ठरते ते कळपातील स्थानावरून, आणि ते स्थान मुख्यतः आकारावरून आधीच ठरलेले असते. मोठ्याने पर ताठ करून अंगावर धाव घेतली की धाकटी बाजूला होते आणि प्रकरण तिथेच मिटते. सारख्या आकाराचे दोन मासे समोरासमोर आले, तर कोणीही माघार घेत नाही. प्रवाळखडकांत हरणाऱ्याला पळून जायला वाट असते. काचेच्या चार भिंतींत ती नसते, म्हणून तो मार खात राहतो.

शिवाय एम्परर हा बटू एंजल नव्हे. तो सुमारे 40 सेंटीमीटरपर्यंत वाढतो आणि आपली हद्द कडवेपणाने राखतो. सुमारे 15 सेंटीमीटरपर्यंतच वाढणाऱ्या बटू माशांवरचा निष्कर्ष त्याला जसाच्या तसा लावून दोन एम्परर 200 लिटर पाण्यात कोंडणे म्हणजे त्यांतील एकाचा जीव घेणे होय.

‘हरेल तो मादी होईल’ हेही उलटे आहे. बटू एंजल सहसा आधी मादीच असतात, त्यामुळे दबलेला मासा मादी होत नाही, तो मादीच राहतो. दोन नर एकत्र ठेवले असता दुय्यम ठरलेला नर पुन्हा मादी झाल्याचे काही जातींत प्रयोगाने दिसले आहे, हे खरे; परंतु त्या भरवशावर घरच्या टाकीत दोन नर सोडणे धोक्याचे आहे. आठ दिवसांचा हिशेबही चुकीचा आहे, कारण वागणूक लवकर बदलली तरी अंडाशयाचे वृषणात रूपांतर व्हायला काही आठवडे लागतात.

रंगाविषयीचा दावा तर माझ्या भाच्याला पुन्हा फसवणार होता. एम्पररचे पिल्लू गडद निळे असते आणि त्याच्या अंगावर पांढरी वर्तुळे असतात. मोठेपणी तिथे पिवळे-निळे पट्टे येतात. हा बदल वयाचा आहे, त्याचा लिंगाशी काहीही संबंध नाही. एंजलच्याच जेनिकँथस गटात मात्र मादीचा नर होताना रंग खरोखरच बदलतो आणि काही जातींत साध्या अंगावर पट्टे उमटतात. संदेश लिहिणाऱ्याने बहुधा त्याच माशाचे वर्णन सर्व एंजलना चिकटवले असावे.

एकमेव मासा म्हणाल, तर गोव्याच्या घराघरांत शिजणारा चोणक सामान्यतः आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. क्लाउनफिशचेही तसेच आहे, फक्त तिथे कारण जोडीतील मादी नाहीशी होणे हे असते. आपल्या दुकानांत ‘एंजल’ म्हणून सहज मिळणारा गोड्या पाण्यातला मासा वेगळ्याच कुळातला आहे आणि तो लिंग बदलत नाही.

हार्मोनच्या गोळ्या पाण्यात कदापि टाकू नयेत. त्या टाकीतील प्रत्येक जिवाच्या शरीरात जातात आणि त्यांचे प्रमाण घरी ठरवता येत नाही. पिल्ले विकण्याचे म्हणाल, तर समुद्री एंजलची अंडी एक मिलिमीटरहून लहान असतात, ती पाण्यात तरंगतात आणि बहुतेक फिल्टरमध्येच जातात. त्यांतून निघालेल्या पिल्लांना लागणारे अतिसूक्ष्म जिवंत खाद्य घरी तयार करणे अतिशय अवघड आहे.

जोडी हवीच असेल, तर बटू जात निवडावी, एक मासा दुसऱ्याहून स्पष्टपणे मोठा घ्यावा, दोघेही शक्यतो कोवळे असावेत आणि टाकी मोठी, खडकांत लपायला भरपूर जागा असलेली असावी. धाकटीला आधी सोडावे आणि मोठ्याला काही दिवस जाळीच्या पलीकडे ठेवावे. जाळी काढल्यावर पर फाटलेले दिसले किंवा धाकटी खाण्यासाठी बाहेर येईनाशी झाली, तर त्याच दिवशी जाळी परत लावावी.