पॅटर्नमधली बाई

कपडे शिवायच्या ज्या कागदी पॅटर्नवर "बिगिनर लेव्हल, बटण नाही, चेन नाही, फक्त डोक्यातून घाला" असं लिहिलेलं असतं ना, तो सगळ्यात डेंजर असतो. बटण नाही वाचून आपल्याला वाटतं, चला, काजं करायची कटकट वाचली! आणि तिथेच आपण फसतो, कारण बटण आणि चेन या माणसाला कपड्यातून बाहेर यायला मिळालेल्या सवलती आहेत, त्या काढून घेतल्या की उरतं ते एक कापडी भोक आणि त्यातून जायचंय आपल्याला, अख्खं.

पण तिथवर पोचायच्या आधी पीडीएफ. टॉपचा पॅटर्न म्हणजे तीसेक ए-फोर पानं, ती प्रिंट करायची, कडा कापायच्या, सेलोटेपने जोडायच्या आणि मग फरशीवर पसरून त्यावरून कुणीही चालू नये म्हणून घरात कर्फ्यू लावायचा. पहिल्या पानावर एक चौकोन असतो, तो पट्टीने मोजून बरोब्बर सांगितलाय तेवढाच भरला पाहिजे. आमच्या कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला फार प्रेमळ माणूस, त्याला पानावरची रेघ कडेला कापलेली अजिबात बघवत नाही. "मॅडम, पूर्ण पान बसवून दिलंय बरं का!" म्हणजे फिट टू पेज. म्हणजे सगळा टॉप चार-पाच टक्क्यांनी बारीक. माझ्या बाबतीत जे डाएटने झालं नाही ते झेरॉक्सवाल्याने टॉपच्या बाबतीत करून दाखवलं, फक्त उपयोग उलटा.

एबेनेझर बटरिक नावाच्या अमेरिकन शिंप्याने 1863 मध्ये साईजवार कागदी पॅटर्न विकायला सुरुवात केली, तेव्हापासून जगभरच्या बायका जमिनीवर रांगतायत. नंतर 1950 पासून जर्मनीतलं बुर्डा मासिक, त्याच्या पॅटर्नच्या शीटवर एकावर एक इतक्या रंगीत रेघा की लोकलचा नकाशा बरा, आणि शिलाईची माया, म्हणजे शिलाईबाहेर ठेवायचं जास्तीचं कापड, त्यात धरलेलीच नाही, ती आपण आपली सोडायची. मोठ्या अमेरिकन पॅटर्नमध्ये माया धरलेली असते, पाच अष्टमांश इंच. आता पाच अष्टमांश हा आकडा आपण शेवटचा पाचवीत बघितला होता, तो असा गळ्याशी येईल असं वाटलं नव्हतं.

बरं, हे सगळे पॅटर्न एका बाईसाठी काढलेले असतात. मी तिला ओळखते. उंची साधारण पाच फूट पाच ते सहा, कप साईज बी, आणि माझ्या मापाच्या म्हणजे 14 नंबरच्या पाकिटावर छाती 36, कंबर 28, हिप 38. यातल्या छत्तीसशी माझं जमतं, उरलेल्या दोन आकड्यांचा आमच्या घराण्याशी काही संबंध नाही. मी पाच फूट एक. तिचे खांदे जिथे संपतात तिथे माझा दंड सुरू होऊन बराच वेळ झालेला असतो, आणि तिच्या छातीचे टक्स, म्हणजे आकारासाठी शिवलेल्या चुण्या, माझ्या बरगड्यांकडे बोट दाखवतात. शिवाय तिला मोकळं मोकळं आवडतं. छाती 36 असेल तर तयार टॉप चाळीस-एक्केचाळीस भरतो, ते पॅटर्नवर बारीक अक्षरात छापलेलंही असतं, पण आपण पाकिटावरचा फोटो बघून भाळलेलो असतो, बारीक अक्षर कोण वाचतंय!

म्हणून आधी मांजरपाट. चांगल्या कापडाला कात्री लावायच्या आधी मांजरपाटावर कच्चे टाके घालून ट्रायल बघायची हे सगळे सांगतात. ती ट्रायल एकटीने कशी बघायची हे कुणीच सांगत नाही. पाठीवर चुणी पडलीये म्हणून टाचणी लावायला हात मागे नेला की चुणी जाते, हात खाली आणला की परत येते. नवऱ्याला बोलावलं.

"उजवीकडे दीड इंच आत घे."

"तुझ्या उजवीकडे की माझ्या?"

"अरे, तू माझ्या मागेच उभा आहेस ना? मग उजवं एकच!"

"हां, पण तू आरशात बघून बोलतेयस."

एवढं बोलून त्याने दोन्हीकडून दीड दीड इंच आत घेतलं, न्याय म्हणून. आणि खरं सांगू, दिसत सुंदर होतं. पॅटर्नमधली बाईसुद्धा वळून बघेल असं. तो खूश होऊन दूध आणायला गेला आणि मी टॉप काढायला घेतला.

छातीपर्यंत आला. तिथून पुढे नाही. दोन्ही हात वर, कोपरं कानाला चिकटलेली, तोंडावर मांजरपाट, त्याला तो खळीचा वास, आणि काखेपाशी टाचण्या, ज्या वर ओढलं तरी टोचतात आणि खाली ओढलं तरी. तेवढ्यात बेल. कुरिअरवाला. "मॅडम, ओटीपी सांगा!" ओटीपी मोबाईलवर, मोबाईल टेबलावर, आणि टेबल या घरात नक्की कुठे आहे हे मला त्या क्षणी सांगता येत नव्हतं. मी आतून काहीतरी ओरडले. तो म्हणाला, "मॅडम, आवाज क्लिअर येत नाहीये."

यात पॅटर्नचं गणित साधं आहे. हात वर केले की खांदे आणि दंड मिळून जो घेर होतो तो छातीपेक्षा मोठा असतो. टीशर्टचं कापड ताणतं म्हणून आपल्याला ते कधी कळत नाही, सुती कापड ताणत नाही म्हणून लगेच कळतं. उरेब, म्हणजे तिरकं, कापलं तर थोडं देतं, पण मग कापड भरमसाट लागतं. तेव्हा अंगासरशी बसला तर निघणार नाही, निघाला तर झबल्यासारखा दिसणार. पाकिटावर हे लिहीत नाहीत.

आईला सांगलीला व्हिडिओ कॉल लावला. तिने लग्नाआधी शिवणक्लास केलेला, छातीचा चौथा भाग अधिक दीड इंच एवढ्यावर तिने गल्लीतल्या बायका शिवून काढल्यात. मी म्हटलं मुंढा, म्हणजे बाही जोडायचा काखेजवळचा घेर, खोल करते, म्हणजे हात नीट निघेल. ती म्हणाली, "काही नको. मुंढा खाली गेला की हात वर केल्यावर अख्खा टॉप वर येतो. तू आपली डाव्या बाजूला चेन लाव."

"आई, पॅटर्नला चेन नाहीये."

"मग पॅटर्न घालून फिरणारेय का तो टॉप?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. रविवार पेठेत गेले, कापडाचा तुकडा दाखवला. रंग आमसुली, त्यात थोडा जांभळा, दुकानदाराने पेटीभर चेना काढल्या, एकही मॅच नाही. सगळ्यात जवळची होती ती सरळ सरळ चॉकलेटी. मी म्हटलं, "काका, हे लांबून ओळखू येईल हो."

"हात खाली ठेवायचा मॅडम," काका चेन कागदात गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "दिवसभर कोण हात वर करून फिरतंय?"