कीटो सुरू करायच्या आधी लघवी तपासून घ्या

कीटो डाएटने, म्हणजे भात-भाकरी जवळजवळ बंद करून तुपातेलावर भर देणाऱ्या जेवणाने, किडनी जाते का, हे मला नातेवाईक, शेजारी, लॅबमध्ये सॅम्पल द्यायला आलेले लोक सारखं विचारतात. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये मिष्टी मुखर्जी या तरुण अभिनेत्रीचं किडनी निकामी होऊन निधन झालं आणि कारण म्हणून कीटो डाएटचं नाव बातम्यांत आलं, तेव्हापासून तर जास्तच. तिचे वैद्यकीय कागद आपण कुणी पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्या एका बातमीवरून मी काहीच ठरवत नाही. मी दादरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. डाएट सांगणं माझं काम नव्हे. पण कीटोवाल्यांचं रक्त आणि लघवी माझ्या हाताखालून जाते आणि माझं मत आता पक्कं झालंय: खरा धोका न तपासता, दुसऱ्याचा चार्ट बघून सुरू केलेल्या कीटोत आहे.

ठणठणीत किडनी कीटोने निकामी होते असं म्हणायला पुरावा नाही. अमेरिकेत 307 लठ्ठ माणसांवर दोन वर्षं केलेला अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला कमी कार्ब (भात, भाकरी, साखर यांतले पिठूळ-गोड घटक) आणि जास्त प्रोटीन, दुसऱ्याला कमी चरबीचं जेवण. किडनीचं लक्षात येण्यासारखं नुकसान दिसलं नाही. पण त्यांतल्या कुणालाच आधीपासून किडनीचा मोठा आजार नव्हता. याउलट 2003 मध्ये 1,624 नर्सेसचा, 11 वर्षांच्या अंतराने केलेल्या तपासण्यांचा अभ्यास आला. ज्यांची किडनी चांगली होती त्यांना जास्त प्रोटीनने फरक पडला नाही. ज्यांची आधीच थोडी मंदावली होती त्यांची मात्र जास्त प्रोटीनबरोबर घसरण वाढली, आणि त्यातही दूधदुभतं सोडून बाकीच्या प्राणिज प्रोटीनबरोबर.

आता आपल्याकडे काय चालतं ते बघा. मुळात कीटो हे तुपातेलाचं जेवण आहे. 70-75 टक्के कॅलरी चरबीतून, कार्ब दिवसाला 20 ते 50 ग्रॅम, प्रोटीन बेताचं. जिममधल्या चार्टवर मात्र सकाळी सहा अंडी, दुपारी चिकन, संध्याकाळी पनीर आणि वर दोन स्कूप व्हे, म्हणजे दुधापासून केलेली प्रोटीन पावडर. हे कीटो नाहीच, भाकरी काढून टाकलेला प्रोटीनचा मारा आहे. प्रोटीन वाढलं की किडनीला जास्त जोराने गाळावं लागतं. पंचविशीतल्या पोराला ते झेपतं. तोच चार्ट व्हॉट्सअ‍ॅपवरून त्याच्या आईकडे जातो, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. तिला दहा वर्षांचा डायबेटिस असतो, बीपीची गोळी चालू असते.

"पण क्रिएटिनिन तर नॉर्मल आलंय ना ताई," असं काकू म्हणतात. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा, किडनी तो गाळून बाहेर टाकते. ते 1.1 घ्या. पंचविशीतल्या पुरुषाचं 1.1 असेल तर हिशेबाने ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा अंदाज, 95 च्या आसपास येतो, म्हणजे छान. 58 वर्षांच्या बाईचं तेच 1.1 असेल तर ईजीएफआर 58 च्या आसपास. 60 च्या खाली तीन महिने राहिला तर त्याला किडनीचा जुनाट आजार म्हणतात. कितीतरी रिपोर्टवर दोघांचाही आकडा रेंजमध्येच छापलेला असतो, ठळक होत नाही, म्हणून कुणी पुढे बघत नाही. किडनी दुखत नाही, खूप काम गेल्यावर कळतं. अशा बाईने प्रोटीन दुप्पट करण्याआधी कुणीतरी तिला हा आकडा समजावून सांगायला हवा की नको?

दुसरी गोष्ट मुतखड्याची. कीटोवाल्यांत मला तीच सगळ्यात जास्त दिसते. युरिनची पट्टी बुडवली की कीटोनचा (चरबी जाळताना शरीरात तयार होणाऱ्या पदार्थांचा) चौकोन गडद जांभळा होतो, पीएच 5, म्हणजे लघवी आंबट, आणि स्पेसिफिक ग्रॅव्हिटी 1.030, म्हणजे लघवी अगदी घट्ट. सेंट्रिफ्यूज करून तळाचा थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवला की काही वेळा कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक दिसतात, पोस्टाच्या बंद पाकिटासारखे, मधोमध फुली असलेले. स्फटिक दिसले म्हणजे खडा झालाच असं नाही. पण घट्ट, आंबट लघवीत ते सारखे दिसायला लागले तर दुर्लक्ष करू नये. कीटोने शरीरात आम्ल वाढतं, लघवीतून कॅल्शियम जास्त जातं आणि खडा होऊ न देणारं सायट्रेट कमी होतं. सुरुवातीच्या दिवसांत तर मीठ आणि पाणीही भराभर बाहेर जातं. पहिल्या आठवड्यात काट्यावर जे वजन कमी दिसतं त्यात बरंचसं हेच पाणी असतं.

आणि हे सगळं मुंबईत. ऑक्टोबरचा उकाडा, घामाच्या धारा, आणि लोकलने विरार नाहीतर कल्याणहून येणाऱ्या बायका मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण वाटेत बाथरूमचं काय करायचं? स्टेशनवरचं बाथरूम वापरण्यासारखं असेल याची खात्री नाही. ऑफिसला पोचेपर्यंत घोटभर पाणी नाही, डब्यात पनीर आणि बदाम. बदामात ऑक्झलेट भरपूर असतं, आणि कीटोची "भाकरी"सुद्धा बदामाच्या पिठाचीच. ज्यांना आधी एकदा खडा होऊन गेलाय त्यांनी तरी हा विचार करायलाच हवा.

कीटो हे काही इन्स्टाग्रामचं खूळ नाही. 1921 मध्ये मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी ते फिट्स येणाऱ्या रुग्णांसाठी सुचवलं आणि औषधांना दाद न देणाऱ्या मुलांना आजही देतात. त्या मुलांमध्ये खडे होतात हे डॉक्टरांना माहीत आहे, म्हणून त्यांची लघवी ठरावीक काळाने तपासतात. जॉन्स हॉपकिन्सच्या 2009 च्या अभ्यासात सुरुवातीपासून पोटॅशियम सायट्रेट दिल्यावर खड्यांचं प्रमाण 6.7 टक्क्यांवरून 0.9 वर आलं. एवढी देखरेख जिथे आहे तिथे हे डाएट औषध म्हणून चालतं. आपल्याकडे देखरेख म्हणजे ट्रेनरला पाठवलेला वजनकाट्याचा फोटो. (पोटॅशियम सायट्रेट स्वतःच्या मनाने घेऊ नका. किडनी कमजोर असेल तर पोटॅशियम वाढणं जिवावर बेततं.)

शुगरवाल्यांनी आणखी एक नीट वाचा. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही गोळी चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता कीटो अजिबात नको. ही औषधं किडनीला चांगली आहेत, ती बंद करू नका. पण त्यांच्या जोडीला कार्ब बंद केले तर साखर फारशी न वाढताही रक्तात घातक प्रमाणात आम्ल साचू शकतं. याला कीटोअ‍ॅसिडोसिस म्हणतात, आणि औषधांवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने 2015 मध्येच या औषधांबाबत त्याचा इशारा दिलाय. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप, आणि ग्लुकोमीटरवर आकडा बरा दिसतोय म्हणून घरीच थांबलात तर उशीर होतो.

सुरू करायचंच असेल तर आधी तीन टेस्ट नाव घेऊन मागा: ईजीएफआरसकट क्रिएटिनिन, युरिन रुटीन (लघवीची नेहमीची तपासणी) आणि युरिन एसीआर, म्हणजे लघवीतून जाणारं अल्ब्युमिन हे प्रोटीन. शेवटची बऱ्याच फुल बॉडी पॅकेजमध्ये नसते, आणि डायबेटिसमध्ये किडनीला लागलेला मार बहुतेक वेळा सगळ्यात आधी तीच दाखवते. सॅम्पलच्या आदल्या दिवशी जिमला सुट्टी द्या, नाहीतर अल्ब्युमिन उगीच वाढलेलं येतं. क्रिएटिन पावडर घेत असाल तर काउंटरवर आणि डॉक्टरांना सांगा, त्याने क्रिएटिनिनचा आकडा वर जातो. रिपोर्ट फिजिशियनला दाखवा, ट्रेनरला नंतर.